मांडववाल्याचं मरण

वैरागच्या अभिमन्यू मांडववाल्याला स्वतःच्या मरणाची बातमी सोलापुरात, एका कॉलेजच्या व्हरांड्यात, भर दुपारी कळली, आणि तीही स्पीकरवरून. त्या वेळी तो केळं खात होता.

झालं असं, की त्याच्या पोरीनं, ऋतुजानं, बारावीचा निकाल लागल्या लागल्या घरात जाहीर केलं, मला संगीत नाटकाच्या पदवीला जायचंय. गाणं, नाच, अभिनय सगळं एकत्र शिकवतात. प्रवेशाला मार्क बघत नाहीत, परीक्षकांसमोर उभं राहून करून दाखवावं लागतं. अभिमन्यूनं ऐकून घेतलं आणि ताटावरून उठला. अख्ख्या तालुक्याला स्टेज बांधून देणारा हा गडी. गणपती असो, लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, खांब त्याचे, पडदे त्याचे, माईकही त्याचाच. पण त्या स्टेजवर आपली पोरगी उभी राहणार हे काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. बार्शीला फार्मसीची जागा त्यानं आधीच बघून ठेवली होती.

घरात आठवडाभर अबोला चालला. शेवटी बायकोनं मध्ये पडून तोड काढली. पोरीला एकदा जाऊन येऊ दे. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर मुकाट फार्मसी, आणि पुन्हा या घरात नाटकाचं नाव काढायचं नाही. अभिमन्यू लगेच कबूल झाला. त्याच्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता यात. क्लास लावून तयार झालेली सोलापूरची पोरं सोडून वैरागच्या पोरीला घेतंय कोण, अशी त्याची पक्की खात्री होती. म्हणून तर स्वतःच्या टेम्पोतून तो तिला घेऊन आला, वाटेत भजी खाऊ घातली, आणि "घाबरू नगं, जमंल तसं कर," असंही म्हणाला. हरणाऱ्याशी प्रेमानं वागायला काही खर्च येत नाही.

व्हरांड्यात पोरं आणि त्यांचे आईबाप दाटीनं बसले होते. हॉलच्या दारावर एक स्पीकर लावलेला होता. वीरभद्रप्पा नावाचा शिपाई आतल्या माईकवरून नाव पुकारायचा, मग बाहेर येऊन दाराशेजारचं बटण दाबून स्पीकर बंद करायचा, म्हणजे आतली परीक्षा बाहेर ऐकू येत नसे. अभिमन्यू नेमका त्या बटणाखालच्या बाकावर बसला होता. स्पीकरची लोंबणारी वायर बघून त्याला राहवलं नाही. "आप्पा, टेप मारा की वायरीला," तो म्हणाला. वीरभद्रप्पानं, हा कोण मला शिकवणारा, अशा नजरेनं बघितलं.

ऋतुजाचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली आणि दार लागलं. वीरभद्रप्पाला नेमकी तेव्हाच चहाची हाक आली आणि तो बटण न दाबताच गेला. त्यामुळे ऋतुजाचं गाणं सगळ्या व्हरांड्याला ऐकू यायला लागलं. महिनाभर मोबाईलवर ऐकून बसवलेलं नाट्यपद होतं. तिनं बरं म्हटलं, अगदी चांगलंच म्हटलं, पण मध्येच थांबली. म्हणजे थांबवली असणार. परीक्षक माईकपासून लांब, त्यांचं बोलणं काही बाहेर येईना. अभिमन्यूला मात्र समजायचं ते समजलं. सुटलो बाबा, असं त्याला वाटलं, आणि त्यानं पिशवीतलं केळं काढून सोललं.

पहिला घास घेतला तोच स्पीकरमधून हेल आला.

गाणं नव्हतं ते. मयताच्या दारात बायका ज्या सुरात रडतात तो सूर होता, उंचावरून निघून गुडघ्यावर येणारा. व्हरांड्यातली सगळी माणसं स्पीकरकडं बघायला लागली. अभिमन्यूच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पोरीला फोन आला! घरचं कोणीतरी गेलं! त्याच्या डोळ्यांपुढं बायको आली, सकाळी टेम्पोपाशी उभी राहून हात हलवणारी. त्यानं केळं बाकावर टाकून, साल हातात तशीच धरून, खिशातला फोन चाचपला. त्याला कुणाचा फोन आलेला नव्हता.

"माज्या अण्णा रंऽऽ," स्पीकर रडत होता, "साऱ्या गावाच्या दारात मांडव घातलास, आज तुझ्या दारात कोन मांडव घालंल रंऽऽ!"

अण्णा म्हणजे कोण हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. ऋतुजाचा अण्णा एकच होता, आणि तो केळ्याची साल हातात धरून बाकावर बसला होता.

माणसाला वाईट बातमी कळली की तो मटकन खाली बसतो. अभिमन्यू बसलेलाच होता, त्यामुळे त्याला काय करावं ते सुचेना. मी हाय की, असं ओरडावंसं त्याला वाटलं, पण आवाज फुटेना. जित्या माणसाच्या नावानं हेल काढणं म्हणजे केवढं अभद्र, आणि ते पोटची पोर करते, तेही माईकवरून! शेजारच्या बाईनं आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं केली.

"धीर धरा, दादा," ती म्हणाली. "कोण गेलं तुमचं?"

"मीच," अभिमन्यू म्हणाला.

बाईनं बाटली तशीच मागं घेतली.

हा सूर कुठून आला ते त्याला ठाऊक होतं. त्याची आत्या बजाबाई. गल्लीत कोणी गेलं की बजाबाई आल्याशिवाय रडण्याला सूर लागायचा नाही. आधी मेलेल्याचे गुण गायचे, मग त्याच्यावरचा सगळा राग काढायचा, आणि मग त्याला सुखानं जा म्हणायचं, अशी तिची रीत होती. मेलेल्याला अहोजाहो नाही. आणि मेलेल्यापुढं खोटंही बोलायचं नाही, कारण तो आता रागावू शकत नाही. ऋतुजा लहानपणापासून त्या म्हातारीच्या मांडीला मांडी लावून बसत आली होती. पोर घाबरत कशी नाही, याचंच तेव्हा अभिमन्यूला कौतुक वाटायचं.

"हॅलो हॅलो म्हनून सारा गाव जागा केलास रं अण्णा, आता तुला कुटल्या माईकवर हाक मारू रंऽऽ!"

व्हरांड्यात दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. अभिमन्यूलाही, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटायला लागलं होतं. इतकं चांगलं त्याच्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. पण गुण गाऊन झाले की पुढं काय येतं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो बाकावर सावरून बसला.

"सातवीत मी गात हुते रं अण्णा, समदी शाळा बगत हुती. माजं तोंड हालत हुतं आन् आवाजच येत नव्हता. माईक बिगाडला म्हनलास रं अण्णा! तुझ्या बोटानं माजं बटन खाली गेलं, ते मी बगितलं हुतं रंऽऽ! मी बगितलं हुतं!"

अभिमन्यूच्या हातातली साल खाली पडली.

हे तिला माहीत होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती गायला उभी राहिली होती आणि तो खाली साऊंडच्या मशीनवर बसला होता. मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि कोणीतरी म्हणालं, "मांडववाल्याची हाय की ही." त्याचं डोकं फिरलं. हात आपोआप मशीनवर गेला आणि तिच्या माईकचं बटण त्यानं हळूच शून्यावर आणलं. पोरगी मुकीच गात राहिली. पोरं हसली. रडत खाली आली तेव्हा त्यानं तिला जवळ घेतलं, माईक बिघडला म्हणून सांगितलं, आणि खरं वाटावं म्हणून घरी जाऊन तो चांगला माईक तिच्यासमोर उघडून बसला. तिनं टॉर्च धरली होती. सगळं माहीत असून तिनं टॉर्च धरली होती! त्यानंतर इतकी वर्षं ती त्याच्या ताटाला ताट लावून जेवली, आजारपणात त्याचे पाय चेपले, आणि एका शब्दानं बोलली नाही.

आता सगळं सोलापूर ते ऐकत होतं. डोक्याच्या वर, हात लांब केला की येईल इतक्या अंतरावर, स्पीकरचं बटण होतं. अभिमन्यू उभा राहिला. बोट बटणावर गेलं. व्हरांड्यातली सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती, कारण एव्हाना अण्णा कोण हे सगळ्यांना कळलं होतं.

तेच बोट, तीच पोरगी. त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली, की बोटाला चटका बसल्यासारखा त्यानं हात मागं घेतला आणि बटण सोडून दार ढकललं.

हॉलमध्ये ऋतुजा जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. समोर टेबलामागं परीक्षक दाक्षायणी मॅडम, या विभागाच्या प्रमुख. दारात बाप बघून ऋतुजाचा हेल तुटला.

"अण्णा... तुमी ऐकलं?"

"समद्यांनीच ऐकलं," अभिमन्यू म्हणाला.

तेवढ्यात वीरभद्रप्पा धापा टाकत आला, बटणाचा घोळ सांगून माफी मागायला लागला. मॅडमनी त्याला हातानंच थांबवलं आणि चष्मा काढून अभिमन्यूकडं निरखून बघितलं.

"म्हणजे गेलेले गृहस्थ हेच का?" त्या म्हणाल्या. "बसा. मी तिला सांगितलं होतं, घरातलं जवळचं माणूस गेलंय असं समज आणि गाऊन सांग. कोण गेलंय ते तिनं ठरवलं." मग त्या ऋतुजाकडं वळल्या. "छान केलंस. आता तेच पुन्हा कर."

"पुन्हा?"

"पुन्हा. एकदा रडू कुणालाही येतं, बाळ. नाटकात रोज रात्री नव्यानं रडावं लागतं, आणि समोर कोण बसलंय ते बघायचं नसतं. तुला ते जमत असेल तर तू माझी विद्यार्थिनी. नसेल जमत तर आवाज चांगला आहे, घरी गात जा."

ऋतुजानं डोळे मिटले. तोंड उघडलं, पण सूर लागेना. डोळे उघडून तिनं बापाकडं बघितलं, पुन्हा मिटले. समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाला रडायचं कसं? आणि आता त्याला सगळं माहीत झालेलं. "मॅडम, मला..." ती म्हणाली आणि थांबली. मॅडमनी शांतपणे पेनाचं टोपण लावलं.

अभिमन्यूनं ते टोपण लागताना बघितलं. वास्तविक हेच तर त्याला हवं होतं. आता गप्प राहिलं की काम झालं, बार्शीची जागा पक्की. पण त्याच्या डोळ्यांपुढून ती टॉर्च हलेना.

त्यानं चपला काढल्या. टोपी काढून खुर्चीवर ठेवली. आणि हॉलच्या मधोमध, ऋतुजाच्या गुडघ्यांपुढं, सरळ जमिनीवर उताणा पडला.

"अण्णा! काय करताय ओ?"

"मेलोय मी," अभिमन्यू वर पंख्याकडं बघत म्हणाला. "रड तू."

"अण्णा, उठा. असं अभद्र नका करू."

"काय व्हत न्हाय. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हनत्यात. रड." आणि त्यानं डोळे मिटले.

फरशी पाठीला गार लागत होती. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की स्टेजवर असताना माणसाला किती उघडं वाटतं, नुसतं पडून राहायचं असलं तरी. मग त्याच्या छातीवर एक हात टेकला आणि हेल उठला.

मांडव आला. हॅलो हॅलो आलं. सूर मघापेक्षाही खोल लागला होता. अभिमन्यू श्वास धरून पडून राहिला. आता बटण येणार. येऊ दे. पण ऋतुजा हॅलो हॅलोवरून थेट शेवटाकडंच वळली, "सुकात जा रं माज्या अण्णा," असं म्हणायला लागली, आणि त्याला उमगलं, की समोर मॅडम आहेत, दारात शिपाई आहे, मागं गर्दी आहे, म्हणून पोरगी त्याची अब्रू झाकतेय. पुन्हा एकदा गप्प बसतेय.

त्यानं डोळे उघडले नाहीत. प्रेत जसं असतं तसाच पडून तो म्हणाला, "बटनाचं ऱ्हायलं, बाळा."

हेल थांबला. दारात कोणाच्या तरी हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला, तो बहुतेक वीरभद्रप्पाचा. छातीवरच्या हाताची मूठ झाली, तिनं त्याचा सदरा घट्ट धरला, आणि मग जो सूर आला तो बजाबाईकडूनही कोणी कधी ऐकला नव्हता.

"मेल्यावर बोललास रं अण्णाऽऽ! जित्तेपनी का न्हाय बोललास रंऽऽ!"

तिथून ती बटणावर गेली. बोट, शिट्टी, हसणारी पोरं, उघडलेला चांगला माईक, टॉर्च, सगळं आलं. काहीही राहिलं नाही. अभिमन्यूच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघून दोन्ही कानांत जात होतं. पुसायला हात उचलला असता, पण मेलेल्या माणसानं हात उचलायचा नसतो, एवढं नाटक त्याला तेवढ्यात समजलं होतं.

हेल संपला. मॅडमच्या पेनाचं टोपण पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

"पुढच्या सोमवारपासून ये," दाक्षायणी मॅडम ऋतुजाला म्हणाल्या. "आणि वडिलांना उठव आता."

"अण्णा," ऋतुजा हळूच म्हणाली, "उठा की. झालं."

पण अभिमन्यूला लगेच उठवेना. "जरा पडू दे," तो म्हणाला.