चुडामणच्या जागी कुणीतरी

अल्बममध्ये आठ गाणी होती. त्यातलं एकच दिगंबर मास्तरांचं होतं, आणि तेही त्यांचं नव्हतं.

'सिंगल फेज' हा तिघांचा बँड. तृप्ती गायची, रितेश सिंथेसायझर वाजवायचा आणि योगेश लॅपटॉपवर ठेके बसवायचा. तापीकाठच्या त्यांच्या शहरात, लालबागेत एका दुकानावरची खोली त्यांनी स्टुडिओ केली होती. चहूकडे यंत्रमागांचा खडखडाट, म्हणून माग बंद असायचे त्या शुक्रवारीच आवाज रेकॉर्ड व्हायचा. पहिला अल्बम पुरा व्हायला त्यामुळे वर्ष लागलं होतं.

तृप्ती ही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. तिला मराठी गाणी हवी होती. मास्तरांनी लाजत लाजत चाळीस वर्षांच्या कवितांची वही तिला दिली. कुणाला दाखवायची हिंमत त्यांना तोवर झाली नव्हती. आठवड्याने ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, सगळं छानच आहे, पण हे एक तर कमाल आहे!"

ते नेमकं सोजरबाईचं होतं. अकरा वर्षं मास्तरांकडे पोळ्या करणारी, मूळची धूलकोटची बाई. पोळ्या लाटताना ती गुणगुणायची आणि ते मास्तरांनी एके दिवशी त्याच वहीत उतरवून घेतलं होतं. तृप्तीने विचारलं, "तुमचंच ना, सर?" मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. घरी कौतुक करणारं कुणी उरलं नव्हतं, आणि समोरची मुलगी इतक्या आदराने बघत होती. तेवढा एक क्षण गेला तो गेलाच. गाणं अल्बमचं मुख्य गाणं झालं आणि खाली नाव लागलं : गीतकार दिगंबर.

आज शुक्रवार. संध्याकाळी अल्बम इंटरनेटवर जायचा होता. त्याआधी सरांना ऐकवायचं म्हणून तृप्ती आणि रितेश सकाळीच सिंधीपुऱ्यात मास्तरांच्या घरी आले. सोजरबाई आत पोळ्या करत होती.

"मोबाइलवर हळू आवाजात लाव," ते म्हणाले.

"अरे सर, धीरे में क्या मजा?" रितेशने पिशवीतून स्पीकर काढला.

सिंथेसायझरचे सूर खोलीभर पसरले. मग तृप्तीचा आवाज आला :

निंबाच्या फांदीला झोका बांधला नेटानं,
कुणीतरी माझं येतं तापीच्या काठानं.

पहिल्याच ओळीला सोजरबाई पिठाच्या हातांनी दारात आली. ओळखीचं माणूस बाजारात दिसावं तशी हसली. दुसऱ्या ओळीला हसू विरलं.

"मास्तर," ती म्हणाली, "चुडामण कुठी गेला?"

"कौन चुडामण?" रितेशने विचारलं.

"माहा भाऊ. अखाजीला न्यायला यायचा. केळीच्या बागेत साप डसला अन् गेला तो. तवापासून झोक्यावर मी त्याचं नाव घेते." ती स्पीकरकडे बघत होती. "नाव घेतलं म्हणून तर येतो तो. हे 'कुणीतरी' कोनी घातलं मधी?"

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलेली बाई गाण्यात भावाचं नाव घालते, हे मास्तरांनी वर्गात शिकवलं होतं. तरी त्यांनीच ते नाव खोडलं होतं. त्या अख्ख्या गाण्यात त्यांचे स्वतःचे असे 'कुणीतरी माझं' एवढेच शब्द होते आणि ते लिहिले त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते.

आता तरी खरं बोलावं, तर तोंडातून आलं, "लोकगीत आहे ते, तृप्ती. लोकगीताला कर्ता नसतो."

"लोकाईचं कसं?" सोजरबाई म्हणाली. "मी जुळवलं ते. इथंच, तुमच्या ओट्यापाशी."

तृप्तीने गाणं बंद केलं. "सर, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. तू विचारलं होतंस." मास्तर म्हणाले. "माझं नाही ते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो. आणि नावही मीच काढलं. ठेक्यात बसणार नाही असं वाटलं."

रितेशने टेबलावर बोटं वाजवत नाव घालून ओळ म्हटली : चुडामण भाऊ येतो तापीच्या काठानं. दोनदा वाजवून बघितलं. "बैठता है, सर. आरामात बैठता है."

तेवढीही सबब राहिली नाही. ठेक्याचं नुसतं निमित्त होतं. मास्तरांना ते नाव गावंढळ वाटलं होतं.

"माग संध्याकाळपर्यंत बंद आहेत. आत्ता गेलो तर ओळ पुन्हा गाता येईल," तृप्ती म्हणाली. तिने मोबाइल उघडला. "मावशी, तुम्हीही चला, आणि तुमचं पूर्ण नाव सांगा. गीतकार म्हणून लिहायचंय."

सोजरबाईने पूर्ण नाव सांगितलं. अकरा वर्षांत मास्तर ते पहिल्यांदा ऐकत होते.

"मास्तरांचं नाव पण राहू द्या हो शेजारी," ती म्हणाली. "कागद त्यांचा होता."

"नको," मास्तर घाईने म्हणाले. "माझं नको."

तृप्तीने मोबाइलवरून मान वर केली. "सर, वहीतलं अजून काही दुसऱ्या कुणाचं आहे का?"

"नाही. बाकी सगळं माझंच आहे."

रितेश खिडकीबाहेर बघू लागला. त्यानेही ती वही वाचली होती; बाकीच्या कवितांवर हक्क सांगायला कुणी येणार नव्हतं.

सोजरबाईने हात धुतले, पदराला पुसले. "तुमी नाही येत, मास्तर?"

"तव्यावर पोळी आहे," मास्तर म्हणाले. पोळी केव्हाच जळली होती.

तिघं खाली उतरली. जिन्यात सोजरबाई तृप्तीला पुढचं म्हणून दाखवत होती. गाण्याला आणखी चार कडवी होती. मास्तरांनी कधी विचारलंच नव्हतं.