पाव फेरा

ड्रिल मशीनचं टोक पिंपाला टेकवलं आणि मी घाबरले. खोटं कशाला बोलू? एरवी मी घाबरट नाही. माहेरी मला तोफ म्हणायचे; सासरी म्हणत नसत, पण मनात सगळ्यांच्या तेच होतं. मशीन आमच्या ह्यांचं. कशाला हवंय म्हणून विचारलं, तर म्हटलं, दात कोरायला. पण आता एकुलतं एक पिंप समोर, त्याच्या बुडाशी भोक पाडायचं, आणि अंधार पडायच्या आत भाचा येऊन थडकणार. भोक चुकलं तर पिंप गेलं, आणि पिंप गेलं तर ताईचं घर गेलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून या दोन खोल्यांत एकटी राहते आणि मजेत राहते. नळाला पाणी दिवसाआड येतं, म्हणून न्हाणीघरात हे निळं प्लास्टिकचं पिंप, माझ्या छातीला लागेल एवढं उंच. पाण्याबरोबर गाळ येतो, तळाशी बसतो आणि वास मारायला लागतो. तो काढायचा तर उरलेल्या पाण्यासकट पिंप उपडं करावं लागतं. तेच करताना तिचा पाय सरकला, पिंप अंगावर आलं आणि मनगट मोडलं. शेजारीण कपडे वाळत घालायला बाहेर आली तेव्हा कुठे तिला हाका ऐकू आल्या. तोवर ही बाई ओल्या फरशीवर पडून होती.

तिच्या मुलाला आम्ही लहानपणापासून साहेब म्हणतो, कारण चड्डी नीट घालता येत नव्हती तेव्हापासून तो घरभर पाहणी करत फिरायचा. तिला तो स्वतःकडे घेऊन गेला. प्लास्टर निघेपर्यंत सुनेने हातावर झेललं तिला, नाव ठेवायला जागा नाही. पण परत आल्यावर ताई मला म्हणाली, "तिथे मला उठून पाणीसुद्धा घेऊ देत नाहीत गं. अशाने मी लवकर मरेन." ताई असलं कधी बोलत नाही. 

साहेबांनी फोनवर निकाल देऊन टाकला होता. गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव, घर बंद करायचं. ताईने एवढंच विचारलं, "पिंप उपडं करावंच लागलं नाही, तर?"  तिकडून तो म्हणाला, "येऊन बघतो. पण काहीतरी गळकं बसवून ठेवशील आणि परत घसरून पडशील, ते मी चालवून घेणार नाही. फरशीवर एक थेंब जरी दिसला ना आई, तर तू माझ्याबरोबर यायचंस."

एक थेंब! अरे, तुझ्या स्वतःच्या घरातला नळ तरी एवढा धड आहे का? पण हे मी फोनमध्ये ओरडायच्या आत ताईने फोन ठेवला होता.

प्लंबर रोज उद्या येतो म्हणत होता. शेवटी सकाळी आम्ही दोघीच दुकानात गेलो. दुकानदाराने टाकीला लावायचा कनेक्टर दिला: आटे पाडलेली जाड नळी, तिला आतल्या अंगाने चपटी कड, बाहेरून नट. कॉक दिला, हातभर पाइप दिला, रबरी वॉशर दिले दोन, भोक पाडायची गोल करवतही दिली, वापरून परत आणून द्या म्हणाला. आणि बजावलं, "वॉशर आतून. नट हाताने घट्ट करायचा, मग पान्याने फक्त पाव फेरा. पाव म्हणजे पाव. पुढे आवळलंत तर रबर चेपून बाहेर येईल आणि तिथूनच गळेल." हे सगळं तो माझ्याकडे बघून सांगत होता. का, ते त्यालाच ठाऊक. माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं.

तर भोक. ताईने बुडाजवळची सपाट जागा पेन्सिलीने आखून दिली होती. दात-ओठ खाऊन मी बटण दाबलं. करवत किंचाळली, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि निळी चकती टपकन खाली पडली. भोक गोल आलं होतं. मी इतक्या जोरात "झालं!" म्हणून ओरडले की ताईने छातीवर हात ठेवला.

कडेचे प्लास्टिकचे केस सुरीने खरवडून काढले, पॉलिश पेपर मारला. मग पिंप आडवं करून मी कमरेपर्यंत आत शिरले, वॉशर चढवलेला कनेक्टर आतून भोकात घातला आणि तसाच धरून राहिले. बाहेरून ताई तिच्या चांगल्या हाताने नट फिरवत होती. आत माझाच आवाज माझ्या कानावर आदळत होता. "बसला का? अगं बोल ना, बसला का?"

"बसला. आता तू गप्प बस," ताई म्हणाली.

पान्याने पाव फेरा तिनेच दिला. पुढे कॉकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून तो जोडला, त्याच्या तोंडाला पाइप चढवला. पिंप सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभं केलं, मागच्या बाजूने फरशीचा तुकडा सरकवला, म्हणजे उतार कॉककडे आला. परीक्षेपुरतं दोन बादल्या पाणी आत ओतलं आणि ताईने नटाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरला. थेंब पडला तर कागद लगेच सांगणार. कागद काही बोलला नाही.

ताई हात धुवायला आत गेली. मी, कागद आणि पाना, तिघेच उरलो. आता या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. भावोजी देवमाणूस, पण ज्याला हात लावतील ते पिळून ठेवायचे. नळ असा बंद करायचे की पुढच्याने आंघोळ विसरावी. बरणीची झाकणं तर ताई कायम शेजारणीकडे नेऊन उघडून आणायची. ते गेल्यावर तिने सगळी झाकणं नुसती वर टेकवून ठेवायला सुरुवात केली. साखरेला मुंग्या लागतात, पण लागू देत म्हणते. साहेब मात्र बापावर गेलाय. येतो तेव्हा एकेक झाकण आवळून जातो, आणि मग ताई बसते चिमट्याने टकटक करत.

आणि मी? माझं भावोजींशी रक्ताचं नातं नाही, पण सवय तीच. हात नुसते शिवशिवत होते. म्हटलं, पाणी दोनच बादल्या आहे, पिंप भरल्यावर जोर वाढणार, जरासं आवळलेलं बरं. जरासंच.

थेंब यायला वेळ लागला नाही. नटाखाली जमला, फुगला, पडला. कागदावर काळा ठिपका. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ताई दारात उभी होती. "आवळलंस?"

"जरासं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच पिंपाजवळ बसली. दोन बादल्या पाणी काय, ते ओतून टाकता आलं. पण वॉशर बाहेर काढला तर एका बाजूने फाटलेला. दुसरा तोच शेवटचा. तो बसवताना मी एक शब्द बोलले नाही, हे माझ्या घरी सांगून कोणाला खरं वाटणार नाही.

दुपारी नळ आला. पिंप भरत गेलं, अर्धं, पाऊण, काठोकाठ. ताईने नवा कागद घातला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून दाराशी बसले आणि कागदावरून नजर हलवली नाही. कागद कोरडा. ताईने सामान मात्र बांधलेलं नव्हतं. पलंगावर बॅग उघडी होती आणि तिच्यात एक टॉवेल, एवढंच.

बाहेर गाडीचं दार लागलं.

साहेब आत आले, आईच्या मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे बघून "मावशी" म्हणाले आणि बूट काढून थेट न्हाणीघरात. मोबाइलचा उजेड पाडून वाकला. नटाखालून बोट फिरवलं, बोट बघितलं. कागद उचलून उलटसुलट केला.  तो उठला, तोंडावरचा ताण थोडा उतरला आणि म्हणाला, "कोणी बसवलं?"

"आम्ही," मी म्हणाले. काय बिघडलं असतं, गप्प राहिले असते तर! कारण 'आम्ही' ऐकलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली. खिडकीत पाना पडला होता. "मग थोडं आवळून देतो. काळजी नको."

"हात लावू नकोस!" मी किंचाळले. पण तो तरुण माणूस, मनगटात जोर. चांगला अर्धा फेरा देऊन मोकळा झाला.

तिघेही बघत राहिलो. थेंब जमला, फुगला आणि कागदावर पडला. मागोमाग दुसरा.

"बघ आई," तो म्हणाला. "गळतंय." लबाडी नव्हती हो त्याच्या आवाजात. उलट रडवेला झाला होता. "म्हणूनच सांगत होतो. चल, सामान घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तू यायच्या आधी कोरडं ठणठणीत होतं ते! तुझ्याच हाताने..." ताईने माझ्या दंडावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबलासुद्धा नाही.

"बरं," ती त्याला म्हणाली. "मग रिकामं करायला हवं."

त्याने लगेच बाह्या सरसावल्या, दोन्ही हातांनी पिंपाचा काठ धरला. "तू बाहेर जा आई. मी उपडं करतो."

"कशाला?"

ताईने स्टूल ओढलं, पिंपाजवळ बसली, पाइपचं तोंड बादलीत सोडलं आणि दोन बोटांनी कॉक फिरवला. पाणी यायला लागलं. बादली भरली की कॉक बंद, दुसरी बादली पुढे, कॉक चालू. "उचल," तिने मला सांगितलं. मी उचलल्या. बादल्या संपल्या, मग टब, पातेली, कळशी. साहेब पिंपाचा काठ धरून तसाच उभा होता. हातांना काम नव्हतं आणि काठही सोडवत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर पाणी आपलं आपण उतरत गेलं. शेवटी पिवळट गाळ आला, तो तिने पाइप वळवून मोरीत सोडला. थेंब पडले होते तेवढ्या कागदाखेरीज सगळी फरशी कोरडी होती.

रिकामं पिंप तिने एका हाताने आडवं केलं. नट सैल करून ती खांद्यापर्यंत आत शिरली आणि दुसरा हात बुडाशी नेला.  आणखी वॉशर नव्हता, आणि दुकान आज दुपारनंतर बंद. ताई आत बोटाने रबराची कड चाचपत होती. फिरत फिरत एका जागी बोट थांबलं.

"फाटलंय?" मी विचारलं.

"बाहेर सरकलंय. फाटलं नाही." तिने ते आत दाबून सारखं केलं. "बाळा, बाहेरून नट धर. हाताने फिरव. बास. आता पान्याने पाव."

त्याने पाव फेरा दिला. पाना तिथेच राहिला. "अजून थोडंसं, आई..."

"नाही."

"थोडंसंच. सुटलं तर?"

"नाही म्हटलं ना."

 आणि मग हा एवढा मोठा बाप्या त्या आडव्या पिंपाशी गुडघ्यांवर बसून म्हणाला, "मला भीती वाटते गं. फोन वाजला की मला वाटतं, तू परत पडलीस. रोज वाटतं."

ताई पिंपातून बाहेर आली. "मलाही वाटते," ती म्हणाली. "म्हणून तर कॉक बसवला."

त्याने पाना खाली ठेवला. कुठेतरी लांब ठेवला, मोरीच्या पलीकडे. पिंप त्यानेच उभं केलं आणि एकेक बादली उचलून परत भरलं. ताईने कोरडा कागद घातला. आम्ही तिघे दारात फतकल मारून बसलो. उन्हं उतरली तरी कागद कोरडाच होता.

"चहा टाकतो," म्हणून तो उठला. मी बसले होते तिथून स्वयंपाकाचा ओटा दिसत होता. त्याने आधण ठेवलं, साखरेची बरणी घेतली, दोन-तीन मुंग्या फुंकल्या, साखर घातली. बरणीवर झाकण ठेवलं आणि सवयीने पंजा त्याच्यावर बसला. मनगट वळायला लागलं आणि थांबलं. त्याने झाकण नुसतं टेकवलं आणि हात काढून घेतला.

ताईनेही ते बघितलं होतं. तिने नाक ओढलं आणि आवाज चढवून म्हणाली, "बाळा, चहा घे आणि उजेड आहे तोवर नीघ. एकट्याने गाडी चालवत जायचंय तुला."

त्याने आधणात चहाची पूड टाकली.

"हो आई," तो म्हणाला.