ब्रेकमधली चिमणी

बाबा दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा चूक झाली ती लेकीच्या पायाची.

लेकीची ड्रायव्हिंग स्कूल होती. गाडी एकच, पण तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. दोन्ही पेडल एका लोखंडी दांड्याने जोडलेली, त्यामुळे एक दाबलं की दुसरंही खाली जायचं. त्या दुसऱ्या पेडलच्या जोरावर तिने गावभरच्या पोरापोरींना गाडी शिकवली होती. कुणी सरळ भिंतीवर निघालं तरी ही जांभई देत म्हणायची, "दाबा आता ब्रेक." पण स्टिअरिंगवर बाप बसला की सगळं शहाणपण खिडकीतून बाहेर! लांबवर एखादी मांजर शेपूट हलवताना दिसली तरी हिचा पाय धाडकन खाली. आणि परीक्षेत शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की शिकणारा नापास, हा तर नियमच.

"या खेपेला गेलो तर गेलो," बाबा म्हणाले. "पुन्हा काही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. या वयात शोभत नाही." हे ते हसत हसत म्हणाले, म्हणूनच तिला ते खरं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

परीक्षक साहेबांनी तर तिच्या पायावर डोळाच ठेवला होता. "बाई, तुमच्या ब्रेकला बझर लावून आणा," त्यांनी सुनावलं. "तुम्ही दाबलात की वाजला पाहिजे. त्याशिवाय काकांची परीक्षा घ्यायची नाही."

हे ऐकून बाबांना कोण आनंद! सगळा जन्म लोकांच्या घरांचं वायरिंग करण्यात गेलेला. "बाहेर कशाला द्यायचं? घरचा वायरमन काय मेलाय?"

सकाळीच ते गाडीत घुसले. डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर. लेकीच्या पेडलखाली नवा स्विच बसवायचा तर पट्टी कापा, भोकं पाडा, हजार भानगडी. तेवढ्यात त्यांना दिसलं, की चालवणाऱ्याच्या पेडलच्या वर कंपनीचाच एक छोटा स्विच बसवलेला आहे. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लावणारा.

"अगं, तयार स्विच आहे की! तू तिकडून दाबलंस, की दांडा इकडचं पेडल ओढणार, आणि हा चालू होणार. फुकटची खटपट वाचली."

त्या स्विचमधून लाल दिव्यांकडे जाणारी वायर त्यांनी पकडली, मध्ये फ्यूज घातला, डॅशबोर्डवर बंद-चालूचं बटण बसवलं, तिथून वायर बेलला, आणि बेलची दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला. बटण म्हणजे काय, घराच्या भिंतीवर असतं तेच, पांढरंशुभ्र, बोर्डासकट! आणि बझर म्हणून पिशवीतून निघाली दुकानाच्या दाराला लावायची बेल. बॅटरीवर चालणारी, चिमणीच्या आवाजाची.

"बाबा, हे काय! स्नानगृहाचा दिवा लावायचाय का इथे?"

"दिसण्यावर जाऊ नकोस. दाब ब्रेक."

तिने दाबला. चिवचिव, चिवचिव!

आतून आई हात पुसत आली आणि घराचं दार उघडून बघू लागली. "कोण आलंय?"

तिने पुन्हा दाबला. आई पुन्हा दाराकडे गेली. मग काय, लेकीला चेवच आला. ती दाबतेय, चिमणी ओरडतेय, आई दारात येऊन दोघांच्या नावाने बोटं मोडतेय आणि बाबा बॉनेटला टेकून, डोळे मिटून, स्वतःच्या कामावर खूश होतायत. बेल वाजते की नाही हे त्यांनी मन भरेपर्यंत तपासलं. बेल कधी गप्प राहते, हे तपासायचं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग बटण बंद करून ती स्वतः गाडी चालवत बाबांना परीक्षेला घेऊन गेली.

तिथे बाबा स्टिअरिंगवर बसले, ती शेजारी दुसऱ्या ब्रेकपाशी, आणि साहेब मागच्या सीटवर. पांढऱ्या बटणाकडे त्यांनी निरखून पाहिलं. हात लांब करून त्यांनीच ते चालू केलं. बाबांनी गाडी सुरू केली, झोकात फाटकापर्यंत आणली, आणि रस्ता बघायला ब्रेक दाबला.

चिवचिव, चिवचिव!

"बाई! अजून फाटकाबाहेर नाही पडलो!"

"साहेब, मी नाही दाबला! शप्पथ!"

"मग काय चिमणी मनाने बोलते?"

बाबांचे कान लालबुंद झाले. त्यांना एका क्षणात सगळं उमगलं होतं. "साहेब, माझी चूक. तिने दाबला तरी वाजणार, मी दाबला तरी वाजणार. मी वायरच तशी घेतली."

"मग मला कळणार कसं कुणी दाबला ते? उतरा. पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात बाबा येणार नव्हते. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, काय करावं सुचेना, आणि मग बूट काढून तिने दोन्ही पाय वर घेतले. सीटवर चक्क मांडी घातली, पट्टा लावलेला तसाच, जणू पंगतीला बसली आहे.

"हे बघा माझे पाय, साहेब. दोन्ही. आता वाजली तर ती बाबांच्याच पायाने."

साहेबांनी पुढे वाकून पाहिलं. ओठ दाबून धरले, पण मिशी हललीच. "पाय खाली आला की परीक्षा संपली."

आणि निघाली वरात! गतिरोधकावर चिवचिव. वळणावर चिवचिव. सिग्नलला उभे राहिले तर सिग्नल हिरवा होईपर्यंत नुसता गजर. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने झाडाकडे मान वर करून पाहिलं. साहेब आधी खोकले, मग रुमाल तोंडाला लावला आणि शेवटी उघड खो-खो हसू लागले. बाबा हसत नव्हते. त्यांचे डोळे रस्त्यावर खिळलेले होते. लेकीच्या डोळ्यांत मात्र हसून हसून पाणी आलं होतं. बापाचा प्रत्येक ब्रेक कानांनी ऐकायला मिळतोय, ही मजा तिला आजवर माहीतच नव्हती.

उताराला लागले आणि तिचं हसू गोठलं. कोपऱ्यावर उभ्या ट्रकमागून एक गादी रस्त्यात येत होती. गादीच म्हणायची, कारण माणूस दिसतच नव्हता. खाली नुसते दोन पाय. त्याला गाडी दिसणं शक्यच नव्हतं. तिचा उजवा पाय मांडीत जागच्या जागी उसळला, पण तो तिच्याच वजनाखाली अडकलेला. "बाबा" म्हणायलाही तोंड उघडेना.

चिवचिव.

गाडी अलगद थांबली. गादी समोरून निवांत निघून गेली. उचलणाऱ्याला पत्ताही लागला नाही.

तिने वळून बापाकडे पाहिलं. ते गादी जाते तिकडे शांतपणे बघत होते. धक्का बसला नव्हता, टायर कचकचले नव्हते. म्हणजे त्यांनी ते दोन पाय तिच्याही आधी पाहिले होते.

"बाबा," तिने विचारलं, "मागच्या दोन्ही वेळेलासुद्धा तुम्ही दाबणारच होतात?"

"दाबतच होतो गं. पण पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. कळायचं, की लेक पोचली आधी."

"मग साहेबांना सांगायचं ना! मला तरी बोलायचं!"

"काय बोलायचं? माझी लेक माझ्या काळजीपोटी घाबरते, ही काय तक्रार करायची गोष्ट आहे?"

तिचं हसू आणि रडू एकदमच फुटलं. मागून साहेबांचा आवाज आला, "बाई, पास झाले ते. आता पाय खाली घ्या आणि ती चिमणी बंद करा."

"नाही घेता येत साहेब," ती नाक ओढत म्हणाली. "दोन्ही पायांना मुंग्या आल्यात."

बाबांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बाहेरून येऊन तिच्या बाजूचं दार उघडलं. लहानपणी बूट घालताना धरायचे तसं त्यांनी तिचं एकेक पाऊल धरून खाली ठेवलं, आणि ती गुदगुल्यांनी किंचाळत राहिली.