लुकलुकणारी शवपेटी

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आजोबांची शवपेटी लुकलुकत होती. पांढरी, काळी, पांढरी, काळी. रेल्वे फाटकावरच्या दिव्यासारखी. आजोबांना हयातीत एवढी धावपळ आवडली नसती.

"अरे ओइवा, झालं का?" आजीने विचारलं.

"एक मिनिट, आजी. पेटी फार उजळ आहे."

"त्यांनीच पसंत केली होती. आता बदलून मिळायची नाही."

लुकलुकणं ही कॅमेऱ्याची ताकीद असते: इथे उजेड जास्त झाला, इथलं सगळं नुसतं पांढरं होऊन जाईल. पेटीच्या झाकणावर आजीने स्वतः विणलेली पांढरी पट्टी होती. ती फोटोत दिसायलाच हवी होती.

आमच्या गावात दफनाआधी घरची माणसं पेटीभोवती उभी राहून एक फोटो काढतात. साधी गोष्ट. पण आमच्या घरची माणसं म्हणजे माझे बाबा रौनो आणि त्यांचा धाकटा भाऊ हेइमोकाका, आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनी मिळून तळ्याकाठी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, बांधली, आणि वाफ घेत बसायचा वरचा बाक बाबांनी पंधरा सेंटिमीटर जास्त उंच ठोकला, असं काकाचं म्हणणं. बाबा म्हणतात, बारा. त्या तीन सेंटिमीटरसाठी काका नॉर्वेला जाऊन राहिला.

आजी चौऱ्याऐंशीची. तिने एकच मागितलं होतं. "माझा नवरा आणि माझी दोन्ही पोरं, एका फोटोत. एकदाच. मग मरेपर्यंत भांडा."

दफनानंतरची कॉफी झाली की काका निघणार होता. आजोबा तर त्याआधीच.

अंधार म्हणून मी पेटीवर फ्लॅश उडवून बघत होतो, आणि तो फ्लॅश जुन्या बाजारातून घेतला होता. इतका जुना, की तो आपल्या डोक्यावर बसलाय हे कॅमेऱ्याला कळतच नव्हतं. नवा असता तर कॅमेऱ्याने मला वेळीच अडवलं असतं. उजेड जास्त झाला तर शटर आणखी भरभर उघडमीट करायचं, एवढं मला ठाऊक होतं. सेकंदाचा दोनशेवा भाग ठेवला. पेटी लुकलुकली. अडीचशेवा. लुकलुकली. चारशेवा ठेवला, आणि पेटीचा उजवा अर्धा भाग लुकलुकायचा थांबला.

अर्धं यश. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा एवढ्यावर पास करायचे.

चॅपल अंधारं, पाद्रीबुवा घड्याळाकडे बघतायत, पेटी उचलणारे हातमोजे चढवतायत. मी सगळ्यांना बोलावलं. मागचा क्रूस चौकटीत यावा म्हणून कॅमेरा मघापासून उभाच धरला होता. आजी मधे, डावीकडे बाबा, उजवीकडे काका.

"आई, त्याला सांग, जरा सरक म्हणावं," काका म्हणाला.

"आई, त्याला सांग, मी आल्यापासून इथेच उभा आहे," बाबा म्हणाले.

"दोघंही सरका," आजी म्हणाली.

फ्लॅश उडाला. फोटो स्क्रीनवर दोन सेकंद दिसला. मी पेटी बघितली: डावी बाजू लुकलुकतेय, उजवी शांत. उजवीकडे काळं होतं, पण सगळ्यांनीच काळे कपडे घातले होते. मी समाधानाने कॅमेरा पिशवीत ठेवला, कारण पेटी उचलणाऱ्या सहा जणांत मीही होतो. आमच्याकडे खड्डाही घरचेच बुजवतात. मी फावडं घेऊन अगदी मनापासून माती लोटली.

नंतर कॉफीच्या टेबलावर आजी म्हणाली, "दाखव."

डावीकडे बाबा, मधे आजी, अर्धी पेटी. आजीच्या खांद्यापासून पुढे काळोख, जणू कुणी दार लावून घेतलं होतं. हेइमोकाका कुठेच नव्हता.

काकाने बराच वेळ बघितलं. "बापाने शिकवून पाठवलं होतं का तुला?"

"आई, त्याला सांग," बाबा केक खात म्हणाले, "मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही."

"आई, त्याला सांग, बाकातलंही कळत नव्हतं." काकाने कोट घातला आणि तो निघून गेला.

मी धावत गाडीपाशी गेलो. त्याने काच चार बोटं खाली केली.

"काका, ऐक तरी. शटर म्हणजे दोन पडदे. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून मिटत येतो. सावकाश चालवलं तर मधे एक क्षण सगळं उघडं असतं, फ्लॅश तेव्हाच उडायला हवा. मी घाई केली. फ्लॅश उडाला तेव्हा तुझ्या बाजूला पडदा होता."

"मग घाई कशाला?"

"पेटी लुकलुकत होती म्हणून. पण फ्लॅश इतक्या झटक्यात संपतो, की शटर कितीही भरभर चालवा, त्याचा उजेड कमी होत नाही. भिंगाचं छिद्र बारीक करायला हवं होतं. लुकलुक थांबली, कारण तेवढी पेटी अंधारात गेली."

"आणि तुला वाटलं, जमलं."

"हो."

"शोभतोस रौनोचा," काका म्हणाला.

तेवढ्यात आजी बिनकोटाची बर्फातून आली. मागे तिचा कोट हातात घेऊन बाबा.

"काढ फोटो," ती म्हणाली.

"आजी, पण आजोबा..."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

काका गाडीतून उतरला. फ्लॅशची गरजच नव्हती. स्क्रीनवर अख्खं आवार लुकलुकायला लागलं. मी छिद्र बारीक केलं, बर्फ शांत झाला. दोघांनी आजीला दोन्ही बाजूंनी धरलं होतं, कारण पायाखाली निसरडं होतं. एकमेकांकडे कुणी बघितलं नाही. फोटो उत्तम आला. काका नॉर्वेला गेला.

मी त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

आजीकडे दोन्ही फोटो छापून नेले. चांगला तिने खणात ठेवला आणि काळा भिंतीवर लावला.

"आजी, उलटं करतेयस."

"त्यात तिघंच आहेत. ह्यात चौघं." तिने काळ्या भागावर बोट ठेवलं. "हा हेइमो. हात पेटीवर होता त्याचा."

तो काळोख मी कॉम्प्युटरवर होईल तितका उजळून बघितला होता. नुसते दाणेदार ठिपके निघाले होते. हे तिला सांगितलं नाही.

"काका अजून थोडा उजवीकडे होता," मी म्हणालो.

तिने बोट सरकवलं. तीनेक सेंटिमीटर असेल.

"मोजू नकोस," ती म्हणाली.