पुढून कोट, मागून चिमटे

दारामागच्या खुंटीवर लटकलोय म्हणून मला कुणी पाहुणा समजू नका. या कला महाविद्यालयाच्या करिअर मार्गदर्शन कक्षातला सगळ्यांत जुना नोकर मीच. मी कोट बोलतोय. गडद निळा, दोन बटणांचा, त्यातलं एक बटण दुसऱ्याच कुठल्या कोटाचं. इथल्या मुलामुलींचा जो आत्मविश्वास तुम्हाला फोटोंत दिसतो, तो बहुतेक मीच असतो.

माझा जन्मही फोटोसाठीच झाला. संस्थेच्या अध्यक्षांना चौकातल्या फलकावर हात जोडून उभं राहायचं होतं. त्यांनी शिंप्याला बजावलं, "पुढून कापड झकास लाव. आत काय वाटेल ते लाव, आत कोण बघतंय?" शिंप्याने मान डोलावली आणि छत्रीच्या कापडाहून जरा बरं असं अस्तर मला लावलं. फलक लागला. पुढे अध्यक्षांचं पोट सुटलं, तेव्हा माझी शिवण उसवून मला सैल केलं. पोट तरी थांबेना, म्हणून मी त्यांच्या मेहुण्याकडे गेलो. तो काडीपैलवान. त्याने मला कमरेत आवळलं, पण खांदे तसेच ठेवले. त्यालाही माझा कंटाळा आला तेव्हा मी 'विद्यार्थ्यांच्या कल्याणासाठी' महाविद्यालयाला दान झालो. दान करतानाही फोटो निघालाच.

मी आलो तेव्हा ही खोली इतिहास विभागाची होती. इतिहासाच्या बाई वर्गात गंजलेलं कुलूप आणायच्या, फुटकी बरणी आणायच्या आणि मुलांपुढे ठेवून म्हणायच्या, "हिलाच विचारा, काय काय झालं ते. आणि कळत नसेल तिथे कळत नाही म्हणा. थापा मारू नका."

मग संस्थेला साक्षात्कार झाला की आपल्या मुलांत आत्मविश्वास नाही. खोली घेतली, बाईंचे तासही घेतले. नकाशे पोत्यात गेले आणि भिंतीवर हातभर अक्षरं आली: 'तुमच्या आत आग आहे!' त्या अक्षरांच्या बरोबर खाली आग विझवायचं नळकांडं टांगलेलं आहे. ते कधीच बाद झालंय.

या कक्षात आले एक प्रशिक्षक. मुलांनी त्यांचं नाव पाडलं हुरूपसर. मुलांची नावं लक्षात ठेवायला त्यांना वेळ नसायचा, म्हणून ते विषयाने हाक मारायचे.

"ए तत्त्वज्ञान, पाठ ताठ! ए साहित्य, हस की जरा, मयताला आलीयेस का? सगळे आरशात बघा आणि म्हणा, मी जिंकणारच!"

"काय जिंकायचंय सर?" तत्त्वज्ञानाने एकदा विचारलं.

"असले प्रश्न विचारतोस ना, म्हणून नोकऱ्या मिळत नाहीत तुम्हाला," हुरूपसर म्हणाले. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्या मुलाने प्रश्न विचारायचं सोडलं. त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आला: 'लक्षणीय सुधारणा'.

उत्तरं तयार असायची, ती फक्त घोकायची. तुमचा दोष कोणता, असं विचारलं की म्हणायचं, "मी कामात स्वतःला इतकं झोकून देते की वेळेचं भान राहत नाही." अख्ख्या वर्गाचा दोष एकच. दोषसुद्धा स्वतःचा ठेवू दिला नाही हो पोरांना.

आणि शेवटी मी. मला अंगावर चढवून प्रत्येकाचा फोटो. मी कुणालाच बसायचो नाही, सगळ्यांना ढगळ. त्यावर हुरूपसरांनी तोडगा काढला. वसतिगृहाच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणायचे आणि मला पाठीमागून गोळा करून लावायचे. पुढून बघाल तर मोठा साहेब, मागून बघाल तर वाळत घातलेला टॉवेल. "फोटो काय पाठीचा काढतात का?" सर म्हणायचे. मला शिंप्याला बजावणाऱ्या अध्यक्षांची आठवण यायची.

त्या वर्षी एका विमा कंपनीने दावे तपासणाऱ्या विभागात एक जागा भरायला काढली. खोटं बोलणार नाही, ही बातमी कक्षानेच आणली आणि तीन मुलांची नावंही कक्षानेच कळवली. नाहीतर ती मुलं त्या इमारतीच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचली नसती. दारापर्यंत नेणं हे खरं काम आहे आणि ते या कक्षाने केलं. आत गेल्यावर बोलायचं काय, तिथे मात्र सगळा आनंदीआनंद होता.

तिघं होती तत्त्वज्ञान, साहित्य आणि इतिहास. इतिहास म्हणजे एक बारकीशी मुलगी, बोलली तर शेजारच्यालाही दोनदा विचारावं लागेल अशी. मुलाखतीच्या सकाळी मी तिच्या हातावर होतो तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. त्याचं प्लायवुडचं दुकान.

"काय मेहुणीबाई, राजे-महाराजे देतायत का पगार?"

"भावजी, मुलाखत तरी होऊ दे."

"होऊ दे की! मी कुठे अडवलंय? पण हे नाही जमलं तर सोमवारपासून गल्ल्यावर बसायचं. तुझ्या ताईने आणि आईने, दोघींनी हो म्हटलंय. शिकलीस तेवढं पुरे झालं."

तिने फोन ठेवला आणि माझी बाही इतकी घट्ट धरली की अजून तिथे चुणी आहे.

आता गंमत ऐका. उमेदवार तीन आणि कोट एक. जिन्याखाली अदलाबदल चालली होती. आधी तत्त्वज्ञान मला घालून आत गेला. तो पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला, मग साहित्य गेली. ती आली तोच आतून इतिहासला हाक आली. घाईघाईत मला तिच्या अंगावर चढवलं, मागे चिमटे ठोकले, आणि फोटो नाही, मुलाखत आहे, हे तिघांच्याही लक्षात आलं नाही. इतकी सवय झाली होती.

टेबलामागे विभागाच्या प्रमुख बसल्या होत्या. आयुष्यभर लोकांचे खोटे दावे वाचून वाचून बाईंचा चेहरा बंद कपाटासारखा झाला होता.

"बसा. तुमचा दोष सांगा."

"मी कामात स्वतःला इतकं झोकून देते की..."

"पुरे. हा दोष आज दोघांनी सांगून झाला. आणि हा कोटही मला आज तिसऱ्यांदा भेटतोय."

मुलगी खाली बसली. पाठ खुर्चीला टेकली आणि एक चिमटा टचकन उडून फरशीवर पडला.

"ते काय पडलं?"

"चिमटा."

"कसला चिमटा?"

"कपड्यांचा." तिला वाटलं, संपलं. मला तिच्या काळजाची धडधड अस्तरातून लागत होती. गल्ला, प्लायवुड, सोमवार.

बाईंनी चष्मा काढला. "कोट आहे कुणाचा हा?"

"माहीत नाही." आणि मग, कुणी शिकवलं नव्हतं ते ती बोलली. "पण बघून सांगू का?"

तिने मला काढलं आणि टेबलावर उलटं केलं. उलटं! शिंपी सोडला तर माझ्या आयुष्यात हे कुणी केलं नव्हतं.

"ही शिवण आधी सैल केलीय, नंतर दुसऱ्या दोऱ्याने आवळलीय. म्हणजे मालक दोन. पहिला जाड होत गेला, दुसरा किडकिडीत. विकत घेणाऱ्याने खांदेही दुरुस्त केले असते, त्यामुळे फुकट मिळालेला असावा. घरातल्याच कुणाला. हा डावा खांदा विटलाय, कारण आमच्याकडे तो खिडकीकडे असतो. पुढचं कापड उंची आहे आणि अस्तर अगदी हलकं. ज्याने शिवून घेतला त्याला फक्त पुढून दिसायचं होतं. लग्नासाठी शिवला असेल." ती थांबली. "नाही मॅडम. लग्नाचं मी मनाने म्हटलं. त्याला पुरावा नाही."

लग्नाचा अंदाज चुकलाच होता तिचा. पण बाकी सगळं! आणि तिचा आवाज खोलीच्या त्या टोकापर्यंत स्वच्छ जात होता.

बाई पहिल्यांदा हसल्या. "इथे येणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते. पुरावा नाही असं कुणी म्हणत नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात कामावर या. आणि तो चिमटा घेऊन जा."

तत्त्वज्ञान आणि साहित्य घरी गेली. ती काय मठ्ठ होती? त्या मुलाने तर एकेकाळी कुठल्याही दाव्याची चिरफाड केली असती. त्याला गप्प कुणी केलं, ते मी या खुंटीवरून पाहिलंय.

आता महाविद्यालयाच्या फाटकावर मोठा फलक आहे. त्यावर इतिहास उभी आहे, अंगावर मी, खाली अक्षरं: 'आत्मविश्वास कार्यक्रमाचं यश!' ती मला परत द्यायला आली तेव्हा हुरूपसर म्हणाले, "बघ, कोटाने कमाल केली की नाही?"

"केली सर. पण उलटा केल्यावर," ती म्हणाली आणि चिमटे त्यांच्या हातावर ठेवले. "इतिहासाच्या बाईंचे तास परत सुरू करा ना."

"बघू," सर म्हणाले, आणि पुढच्या मुलाला आरशापुढे उभं केलं.

माझं अस्तर आता विरलंय, फार दिवस टिकणार नाही मी. पोरांनो, तोवर मला खुशाल घाला, लाजू नका. फक्त घालण्याआधी एकदा उलटा करून बघा. आत कोण बघतंय, असं म्हणणाऱ्यांनी मला शिवून घेतलं. स्वतःला तसं कुणाला शिवू देऊ नका.