बिनशेगडीच्या काचघराचा राग

मी एक जुने काचघर आहे, इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका परसातले. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टींची अपेक्षा करू नका. मी रागावलेले आहे.

पाडलेल्या प्रार्थनाघराच्या खिडक्या हातगाडीवरून आणून, झाडांना थंडीवाऱ्यापासून जपायला विल्फ्रेडने मला उभे केले. शेगडी मात्र बसवली नाही. त्याची बायको एनिड म्हणाली, "कोळसा आपल्यालाच पुरत नाही, वेलींना कुठून घालू? थंडी सोसेल त्यानंच इथं राहावं."

म्हणून विल्फ्रेडने द्राक्षाची वेल निवडली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मूळ बाहेरच्या मातीत आणि खोड विटांमधल्या भोकातून माझ्या आत. हिमात ती पाने टाकून वाळक्या दोरखंडासारखी पडून राही आणि उन्हाळ्यात घडांनी लवे. गावच्या प्रदर्शनात चाळीस वर्षे कौतुक झाले ते तिचे. माझ्या काचा कोण पुसतो, हे कुणी विचारले नाही. असो.

विल्फ्रेड वारला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एनिड हिवाळाभर लेकीकडे राहिली आणि देखभालीला जावई आला, रॉडनी. देखभाल कसली, डोंबल! स्पेनमध्ये सुट्टी घालवून आलेला हा गडी दुकानातून बोगनवेल घेऊन आला. "हे वाळकं लाकूड कशाला ठेवलंय सासूबाईंनी?" म्हणत त्याने भर जानेवारीत माझी झोपलेली वेल बुडापासून कापली. वारा येतो म्हणून भोकही सिमेंटने बुजवले. मला हात असते तर करवत हिसकावून घेतली असती!

बोगनवेल थंडीने आठ दिवसांत काळी पडली.

एप्रिलमध्ये एनिड काठी टेकत आली.

"रॉडनी, वेल कुठाय?"

"मेली होती हो ती. खरंच."

"साल खरवडून बघितलीस?"

"...नाही."

"दर हिवाळ्यात ती अशीच दिसते, गाढवा! विल्फ्रेडच्या हातची होती रे ती!"

ती बाहेरून वळसा घालून गेली, कशीबशी वाकली आणि बुंध्याची साल सोलून तिने नख लावले. खाली हिरवे होते.

"छिन्नी आण," ती म्हणाली. "चहा नंतर."

रॉडनीने सिमेंट फोडून भोक मोकळे केले. आता त्यातून वीतभर कोंब आत आला आहे.

मित्रांनो, कुणाला मेले म्हणण्याआधी एकदा नख लावून पाहा. तेवढेही जमत नसेल, तर करवतीला हात लावू नका.

घड धरायला तीन वर्षे लागतील. एनिड ब्याऐंशीची आहे. रॉडनीला मी अजून माफ केलेले नाही.