दिन्हचा वासा

"वहिनी, बाजूला व्हा. कोयत्याला नातं कळत नाही," क्वी म्हणाला.

थोआ हलली नाही. कमरेएवढ्या काळ्या पाण्यात पाय रोवून ती उभी राहिली. डोक्यावर, कायापुटीच्या झाडांमधल्या उजेडात, रानमाश्यांनी पोळं बांधावं म्हणून तिच्या नवऱ्याने, दिन्हने, तासलेला तिरपा वासा होता. त्याला परातीएवढं आग्या मोहोळ लटकलेलं. उ मिन्हच्या त्या पाणथळ रानात रीत एकच: फुलोरा सरताना ज्याच्या वाशावर माश्या बसलेल्या, झाडांमधली ती मोकळी जागा त्याची. दिन्ह गेल्यापासून धाकट्या दिराचा, क्वीचा, त्या जागेवर डोळा होता. यंदा तर त्याने आपला वासा तिच्या वाशाला खेटूनच लावला. असलं पाप तिथला चोरही करत नाही.

त्याचं फळ आज दिसत होतं. भरल्या वाशाला नवा थवा बगल देतो, हे थोआने जन्मभर पाहिलेलं. हा थवा क्वीच्या वाशावर टेकला, उठला आणि सरळ तिच्या मोहोळावर तुटून पडला. माश्या एकमेकींना कवटाळून डंख रोवत होत्या, जोडीजोडीने खाली गळत होत्या. पाण्यावर मेलेल्या माश्यांची साय धरली होती.

"तुझंच बघून शिकल्या," थोआ म्हणाली. "दुसऱ्याच्या भरल्या घरात घुसायचं."

क्वीचं टाळकं सणकलं. तिला ढकलून त्याने तिच्या वाशाच्या टेकूवर कोयता घातला. वासा हादरला, आणि दोन्ही थवे आपसातलं वैर विसरून त्याच्यावर कोसळले.

क्षणात त्याला तोंड उरलं नाही. ओरडायला उघडलेल्या जबड्यात माश्या शिरल्या. तो पाण्यात पडला, वर आला, पुन्हा पडला. डोकं वर काढलं की काळं फडकं गुंडाळल्यासारखं दिसे. नुसत्या धुराला हे आवरणार नव्हतं.

होडीत तिची चूड धुमसत होती. धूर द्यावा, जाळ कधी दाखवू नये, असं दिन्ह सांगत आलेला. थोआने फुंकून जाळ केला आणि चूड आपल्याच पोळ्याला लावली. अंडी-पिल्लांसकट पोळं पेटलं. जळतं मेण तिच्या दंडावर ओघळलं, मान डंखांनी भरली, तरी हात खाली आला नाही. जाळ पाहून माश्या क्वीला सोडून उठल्या आणि रानापलीकडे गेल्या.

मग केसांना धरून तिने क्वीला होडीत ओढलं. सुरीच्या पाठीने त्याच्या गालातले काटे खरवडत राहिली.

"कण्हू नकोस. लहानपणी खरूज झालेली तेव्हाही असाच कण्हायचास."

बऱ्याच वेळाने सुजल्या ओठांतून त्याने विचारलं, "कुणाच्या वाशावर बसल्या?"

"कुणाच्याच नाही."

तिने जळका वासा उतरवला आणि त्याचं एक टोक त्याच्या मांडीवर ठेवलं.

"नीट धर. भावाच्या हातचा आहे तुझ्या."

क्वीचे डोळे उघडत नव्हते. काजळीखाली तासणीच्या खुणा होत्या. सुजलेली बोटं त्यांवरून फिरत राहिली. थोआने बांबू पाण्यात रोवून होडी ढकलली.